प्रश्न वाचकांचे : कीटकांचे आणि कोळ्यांचे पाय

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे किड्यांविषयीची पत्रे अधिक येऊ लागतात. या वेळी त्यांतली बरीचशी पायांविषयी होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. उत्तरांत वारंवार लागणारी माहिती आधीच सांगून ठेवतो. कीटकाचा पाय ठरावीक क्रमाने जोडलेल्या खंडांचा बनलेला असतो. धडाला जोडणारे कक्षांग, त्यानंतरचा ट्रोकँटर नावाचा आखूड खंड, मग मांडी, नडगी आणि शेवटी बारीक तुकड्यांचे, नख्या असलेले पाऊल असा तो क्रम असतो. कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात आणि प्रत्येक पायात मांडी व नडगी यांच्यामध्ये गुडघ्याचा एक स्वतंत्र खंड आणि पावलाच्या आधी मेटाटार्सस नावाचा आणखी एक खंड असल्यामुळे एकूण खंड सात होतात. पाय खोदण्यासाठी बदललेला असो की ऐकण्यासाठी, त्यात नवा खंड सहसा येत नाही. असलेल्यांपैकीच एखादा रुंदावतो, वाकतो, त्याला दात किंवा केस फुटतात. म्हणून चमत्कारिक पाय दिसला की त्यातला कोणता खंड बदलला आहे हे आधी पाहावे, म्हणजे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मुले मेलेले कोळी आणून देतात. प्रत्येकाचे पाय पोटाशी घट्ट आवळलेले असतात. हे पाय सरळ करून ठेवले तरी पुन्हा वळतात. असे का होते? (एक विज्ञान शिक्षिका, संगमनेर)

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यामुळे कोणताही सांधा वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा, असे दोन स्नायू लागतात. आपल्या गुडघ्यात ते आहेत आणि झुरळाच्या पायातही आहेत. कोळ्याच्या पायातील दोन महत्त्वाच्या सांध्यांत मात्र, म्हणजे मांडी व गुडघा यांच्यामधील आणि नडगी व मेटाटार्सस यांच्यामधील सांध्यांत, वाकवणारे स्नायू तेवढे असतात. सरळ करणारे नसतातच. ते काम रक्त करते. कोळी आपल्या शरीराच्या पुढच्या भागातील, म्हणजे पाय ज्याला जोडलेले असतात त्या भागातील स्नायू आवळतो, त्यामुळे तेथील रक्त दाबाने पायांत शिरते आणि पाय उलगडतात. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर लांब होतो, त्याच तत्त्वावर हे चालते.

या दाबाचे मोजमाप डी. ए. पॅरी आणि आर. एच. जे. ब्राऊन या इंग्लंडमधील दोन संशोधकांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केले. स्वस्थ बसलेल्या घरगुती कोळ्याच्या पायात पाऱ्याच्या स्तंभाच्या मापाने सुमारे 50 मिलिमीटर दाब त्यांना आढळला आणि क्षणभरासाठी तो 400 मिलिमीटरपर्यंत चढतो असेही दिसले. निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब 120 च्या आसपास असतो, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते. कोळी मेला की हा दाब नाहीसा होतो. पाय बाहेर ढकलणारे काही उरत नाही, वाकवण्याच्या बाजूचा ताण तेवढा शिल्लक राहतो आणि आठही पाय आत वळतात. आपण ते बोटांनी सरळ केले तरी आत दाब नसल्यामुळे पुन्हा मिटतात. फार दिवस पाणी न मिळालेला कोळी जिवंत असतानाही पाय ओढत, अर्धवट आखडून चालतो, त्याचेही कारण हेच.

याच दोघांनी उडी मारणाऱ्या कोळ्यांचाही अभ्यास केला. आपल्या खिडकीच्या गजांवर माश्यांच्या मागावर फिरणारे, पुढचे दोन डोळे मोठे असलेले जे लहान कोळी दिसतात, ते याच कुळातले. त्यांचे मागचे पाय नाकतोड्यासारखे जाडजूड नसतात. ते इतके किरकोळ असतात की एवढी झेप त्यांच्या जोरावर जात असेल यावर विश्वास बसत नाही. झेपेच्या क्षणी घेतलेल्या छायाचित्रांत त्यांच्या पायांवरचे काटे ताठ उभे राहिलेले दिसले. पायाच्या आतील दाब एकदम वाढल्याशिवाय ते काटे असे उभे राहत नाहीत. झेपही दाबावरच चालते, याचा हा साधा पण पक्का पुरावा ठरला.

या रचनेचा फायदा असा सांगितला जातो की, सरळ करणाऱ्या स्नायूंची जागा वाचल्याने वाकवणारे स्नायू भरपूर मावतात आणि भक्ष्यावरची पकड बळकट होते. तोटाही आहे. पुढच्या भागात दाब चढलेला असताना मागच्या भागातून येणाऱ्या रक्ताला वाट मिळणे कठीण होते. कोळी थोडे अंतर जोरात धावून लगेच थकतो, त्याचे हे एक कारण मानतात. मुलांना आवडेल अशी एक गोष्ट अजून सांगण्यासारखी आहे. 2022 मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठातील अभियंत्यांनी मेलेल्या कोळ्याच्या शरीरात सुई घालून हवा आत-बाहेर केली आणि त्याच्या पायांचा चिमट्यासारखा उपयोग करून घेतला. त्या चिमट्याने कोळ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा अधिक वजन उचलले. शाळेत हा प्रयोग करण्याच्या फंदात पडू नये, पण वर्गात सांगायला हरकत नाही.

प्रश्न : मी सातेरी मधमाश्यांच्या काही पेट्या ठेवतो. पेटीच्या दाराशी येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांना पिवळे, केशरी गोळे दिसतात. फुलातला भुरभुरीत पराग पायाला असा गोळा होऊन कसा चिकटतो? पायात पिशवी असते का? (एक शेतकरी, भोर)

पिशवी नसते, पायाचाच बाहेरचा पृष्ठभाग खोलगट झालेला असतो. कामकरी माशीच्या मागच्या पायाची नडगी खाली रुंद होत जाते, बाहेरच्या बाजूने ती गुळगुळीत आणि किंचित खोल असते आणि तिच्या दोन्ही कडांना आत वळलेल्या लांब केसांची रांग असते. ही झाली परागाची टोपली. तिच्या तळाच्या भागात एकच लांब, ताठ केस उभा असतो आणि गोळा त्याच्याभोवती बसतो, त्यामुळे माशी वाऱ्यात उडाली तरी तो निसटत नाही. राणीला आणि नराला ही टोपली नसते. त्यांना परागाची ने-आण करायचीच नसते.

मात्र टोपलीपेक्षा ती भरण्याची रीत अधिक पाहण्यासारखी आहे. फुलावर वावरताना पराग माशीच्या अंगावरच्या फाटे फुटलेल्या केसांत अडकतो. मग माशी, बहुधा हवेत तरंगत असताना, अंग झाडू लागते. पुढचे पाय डोके आणि तोंडाकडचा पराग पुसतात आणि पोटातून तोंडात आणलेल्या मधुरसाने तो ओला करतात, मधले पाय छातीवरचा पराग घेतात, मागचे पाय पोटावरचा. हा सगळा माल शेवटी मागच्या पायांच्या पावलाच्या पहिल्या, मोठ्या तुकड्यावर जमा होतो. त्या तुकड्याच्या आतल्या बाजूला ताठ केसांच्या सुमारे दहा आडव्या रांगा असतात. आता माशी दोन्ही मागचे पाय एकमेकांवर घासते. एका पायाच्या नडगीच्या खालच्या टोकाला दात्यांची एक ओळ असते, ती दुसऱ्या पायाच्या केसांच्या रांगांतला पराग खरवडून काढते. खरवडलेला पराग नडगी आणि पाऊल यांच्यामधील फटीत पडतो. माशीने पाऊल वाकवले की ती फट मिटते आणि आतला पराग दाबला जाऊन वर, टोपलीत ढकलला जातो.

म्हणजे टोपली वरून भरली जात नाही, खालून भरली जाते. आधीचा पराग वर सरकत जातो आणि ताजा नेहमी तळाशी असतो. एका पायाचा पराग दुसऱ्या पायाच्या टोपलीत वरून थेट टाकला जातो असा पूर्वी समज होता. तो चुकीचा असल्याचे अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी डी. बी. कॅस्टील यांनी 1912 मध्ये लिहिलेल्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. आपण पेटीच्या दाराशी हलक्या हाताने एखादी माशी पकडून गोळा भिंगाखाली पाहिलात, तर तो बहुधा एकाच रंगाचा आढळेल, कारण एका फेरीत माशी शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. कधी दोन रंगांचे थर दिसले, तर तिने मध्येच फूल बदलले असे समजावे.

पुढच्या पायाकडेही एकदा लक्ष द्यावे. नडगी आणि पाऊल जिथे जुळतात तिथे पावलाला एक अर्धवर्तुळाकार खाच असते आणि नडगीचा एक काटा तिच्यावर झाकणासारखा बसतो. माशी त्या खाचेतून आपली मिशी ओढून साफ करते. मिशी हेच तिचे वासाचे इंद्रिय असल्याने हे काम ती दिवसातून कितीदा तरी करते. घराच्या लाकडाला भोके पाडणारा काळा भुंगा मधमाशीचा नातेवाईक असला, तरी त्याच्या पायाला टोपली नसते. तो पराग पायांवरच्या दाट केसांत कोरडाच नेतो, त्यामुळे त्याच्या पायावर असा घट्ट गोळा दिसत नाही.

प्रश्न : रातकिडा पाय एकमेकांवर घासून ओरडतो असे लहानपणी ऐकले होते. आता एका ठिकाणी वाचले की त्याचे कान पायात असतात. यातले खरे काय? (एक वाचक, बेळगाव)

दुसरे खरे, पहिले नाही. रातकिड्याचा नर पुढच्या पंखांची जोडी एकमेकांवर घासून आवाज काढतो. पायांचा आवाजाशी संबंध आहे तो नाकतोड्यांच्या काही जातींत, आणि तिथेही पाय पायावर नव्हे, तर मागच्या मांडीच्या आतील बाजूची बारीक दात्यांची ओळ पंखावर घासली जाते. गंमत अशी की, या नाकतोड्यांचे कान पायात नसून पोटाच्या पहिल्या खंडाच्या दोन्ही बाजूंना असतात.

रातकिड्याचे कान पुढच्या पायांच्या नडगीत, गुडघ्याच्या थोडे खाली असतात. तिथे एक लहान लांबट पापुद्रा असतो. चांगल्या भिंगाने तो दिसतो. आवाज या पापुद्र्यावर बाहेरून आदळतो, तसाच धडाच्या बाजूला असलेल्या श्वासछिद्रातून शिरून पायातल्या हवेच्या नळीतून आतूनही पोहोचतो. दोन्ही बाजूंनी आलेल्या आवाजांतील फरकावरून मादीला नर कोणत्या दिशेला आहे ते कळते. मादी खरोखर आवाजाच्याच मागे जाते, नराच्या वासाच्या किंवा रूपाच्या नव्हे, हे योहान रेगेन यांनी 1913 मध्ये दाखवून दिले. त्यांनी नराचे गाणे टेलिफोनवरून ऐकवले आणि मादी टेलिफोनच्या श्रवणयंत्राकडे चालत गेली.

पण कान पायातच का, हा आपण न विचारलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अनेक कीटकांच्या नडगीत, गुडघ्याच्या जवळच, जमिनीचा किंवा फांदीचा थरकाप ओळखणारे एक इंद्रिय असते. झुरळालाही ते आहे. त्या ठिकाणी कंप ओळखणाऱ्या पेशी आणि हवेची नळी आधीच होती. रातकिड्यांत त्यांच्यावरची कातडी पातळ झाली आणि जमिनीच्या कंपासोबत हवेचा कंपही कळू लागला. भाताच्या खाचरात, ओल्या मातीत बिळे करणारा जो जाड पंज्यांचा रातकिडा सापडतो, त्याची पुढची नडगी तर फावड्याएवढे काम करते. ती आखूड, रुंद आणि चार भक्कम दात्यांची असते. तरीही कान त्याच नडगीत, मातीने बुजणार नाही अशा फटीत शिल्लक आहे.

प्रश्न : सोलापूरकडच्या रस्त्यांवर बाभळीच्या फांद्यांना आणि तारेच्या कुंपणांना मळकट कापडासारखी जाळी दिसते. त्यात एकाच वेळी अनेक कोळी असतात. हे जाळे बोटाला चिकट लागत नाही, तरी माश्या कशा अडकतात? आणि कोळी स्वतः आपल्या जाळ्यात का अडकत नाही? (एक वाचक, पंढरपूर)

आपण वर्णन केलेला कोळी बहुधा स्टेगोडायफस सारासिनोरम असावा. समूहाने राहणाऱ्या मोजक्या कोळ्यांपैकी तो एक असून भारताच्या कोरड्या भागांत सर्रास आढळतो. त्याच्या जाळ्यात डिंक नसतो. त्याच्या रेशीम काढणाऱ्या अवयवांच्या पुढे हजारो सूक्ष्म छिद्रांची एक चकती असते. तिच्यातून निघणारे तंतू इतके बारीक असतात की सुटे तंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसतही नाहीत. हे तंतू ओढून काढण्याचे आणि पिंजण्याचे काम चौथ्या पायाचे. त्या पायाच्या मेटाटार्ससवर वाकड्या केसांची एक फणी असते. मादी तो पाय दुसऱ्या पायाचा आधार देऊन भराभर मागेपुढे हलवते आणि पिंजलेला लोकरीसारखा धागा मूळ दोऱ्यावर पसरत जाते. माशीच्या अंगावरचे केस आणि काटे त्यात गुंततात. गुळगुळीत अंगाच्या किड्यांनाही तो धागा धरतो, कारण त्यांच्या अंगावरचे मेण तंतूंमध्ये झिरपते. अशा फणीच्या कोळ्यांपैकी बहुतेकांत प्रौढ नराची फणी क्षीण होते. वयात आल्यावर तो जाळी विणण्याऐवजी मादीच्या शोधात फिरतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डिंकाची गोल जाळी करणाऱ्या कोळ्यांपुरते देतो, कारण नीट अभ्यास त्यांचाच झालेला आहे. एक तर त्यांच्या जाळ्यातील आरे आणि मधला भाग चिकट नसतो. चिकट असतो तो फक्त वळणावळणाने जाणारा धागा. तरी जाळे विणताना त्या धाग्याला पाय हजारो वेळा लागतोच. आर. डी. ब्रिसेन्यो आणि विल्यम एबरहार्ड यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन गोष्टी पुढे आल्या. पायावरच्या फांद्यांसारख्या केसांमुळे डिंकाचा स्पर्श फार थोड्या जागी होतो, त्या केसांवर डिंक धरू न देणारा लेप असतो, आणि कोळी पाय अशा बेताने मागे घेतो की डिंकाचे थेंब केसांच्या टोकाकडे ओघळून सुटतात. शिवाय जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या पावलाला दोन मोठ्या नख्यांखेरीज मध्ये तिसरी लहान नखी असते. तिच्यात आणि शेजारच्या दातेरी केसांत धागा पकडला जातो आणि नखी उचलली की ते केस धाग्याला बाहेर लोटतात. जमिनीवर किंवा भिंतीवर शिकार करणाऱ्या अनेक कोळ्यांत ही तिसरी नखी नसते, तिच्या जागी दाट केसांचे झुबके असतात. त्या झुबक्यांच्या जोरावर ते काचेवरही चढतात.

प्रश्न : फुलपाखराला सहा पाय असतात असे पुस्तकात आहे, पण रुईवर बसणाऱ्या पट्टेरी केशरी फुलपाखराला मी चारच पाय मोजले. (एक विद्यार्थी, इयत्ता आठवी, रत्नागिरी)

तू बरोबर मोजलेस आणि पुस्तकही बरोबर आहे. ते फुलपाखरू, म्हणजे प्लेन टायगर, कुंचलपाद कुळातले. या कुळात पुढची जोडी आखूड होऊन छातीशी दुमडलेली असते आणि चालण्याच्या उपयोगाची राहत नाही. मादी मात्र त्या पायांनी पानावर टिचक्या मारते. तिच्या पुढच्या पावलांवर चव ओळखणारे केस असतात, आणि पान अळ्यांना खाण्याजोगे आहे अशी खात्री पटली तरच ती अंडे घालते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन वेगळ्या कुळातले आहे. त्याचे सहाही पाय तुला मोजता येतील.

प्रश्न : मुलीच्या केसांतली ऊ दुसरीच्या डोक्यात उडी मारून जाते का? (एक पालक, नागपूर)

नाही. उवेचा पाय उडीच्या किंवा पळण्याच्या कामाचाच नाही. प्रत्येक पायाच्या टोकाला एकच वाकडी नखी असते आणि ती नडगीच्या अंगठ्यासारख्या उंचवट्यावर मिटते. त्या दोघांमध्ये केस पक्का धरला जातो. डोक्याला डोके लागले की ऊ एका केसावरून दुसऱ्या केसावर चढते, बहुतेक वेळा प्रसार होतो तो असाच.

प्रश्न : कोळ्याचा किंवा झुरळाचा तुटलेला पाय पुन्हा येतो का? (एक वाचक, फोंडा, गोवा)

कात टाकणे शिल्लक असेल तर येतो. कोळी संकटात पाय कक्षांग आणि ट्रोकँटर यांच्यामधील सांध्यातून स्वतःच सोडून देतो. तिथून रक्त फारसे वाहत नाही, आणि पुढच्या कातीनंतर बारीकसा पाय दिसू लागतो. बहुतेक जातींचे कोळी प्रौढ झाल्यावर कात टाकत नाहीत, त्यामुळे त्या वयातला तुटलेला पाय कायमचा गेला. झुरळाच्या पिल्लालाही पाय फुटतो, आणि तो ओळखण्याची एक खूण आहे. मूळ पायाच्या पावलाचे पाच तुकडे असतात, नव्याने आलेल्याचे चारच. नाकतोड्याचा मागचा मोठा पाय मात्र एकदा गळाला की परत येत नाही.

प्रश्न : एका किड्याच्या पायात दातेरी चाके असल्याचे चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. ते संगणकावर बनवलेले असावे असे वाटते. (एक निवृत्त यंत्र अभियंता, ठाणे)

आपला संशय स्वाभाविक आहे, पण अशी रचना खरोखर आहे. केंब्रिज विद्यापीठातील माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी ती 2013 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केली. किड्याचे नाव इसस कोलिओप्ट्राटस. तो युरोपातल्या बागांमध्ये आढळतो आणि आपल्या भातावरचे तपकिरी तुडतुडे ज्या मोठ्या गटात मोडतात, त्याच गटातला आहे. चाके पूर्ण गोल नसतात. मागच्या दोन्ही पायांच्या ट्रोकँटरवर, एकमेकांसमोर, प्रत्येकी 10 ते 12 दात्यांची एक वक्र पट्टी असते आणि उडीच्या वेळी या पट्ट्यांचे दाते एकमेकांत बसतात.

गरज कशाची पडली हे समजले की आपल्यासारख्या अभियंत्याला ही योजना पटेल. नाकतोड्याचे मागचे पाय शरीराच्या बाजूंना असतात. तुडतुड्यांचे पाय शरीराच्या खाली, शेजारी शेजारी असतात. अशा वेळी एक पाय जरा आधी सुटला तर किडा पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती गरगर फिरेल. इससचे दोन पाय सेकंदाच्या 30 दशलक्षांश भागापेक्षा अधिक फरकाने सुटत नाहीत. मज्जातंतूंतून संदेश पाठवून एवढा मेळ साधणे शक्य नाही, कारण त्या एका संदेशालाच त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून एक पाय हलला की दाते दुसऱ्यालाही ढकलतात.

हे दाते फक्त पिल्लांत असतात. शेवटची कात टाकून किडा प्रौढ झाला की ते नाहीसे होतात आणि त्याचे ट्रोकँटर एकमेकांवर घासून हे काम करतात. तरीही प्रौढ किडा पिल्लापेक्षा चांगली उडी मारतो. संशोधकांचा तर्क असा की, पिल्लाचा एखादा दाता मोडला तर पुढच्या कातीत तो नवा मिळतो, पण प्रौढाला कात नाही, आणि त्याचा एक दाता मोडला तर त्याची सगळी यंत्रणा उरलेल्या आयुष्यभर घसरत राहील.